हवाईचं कालो नावासकट जपायचं तर: हुली आणण्यापासून पुन्हा लावण्यापर्यंत

हवाईत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या दोनच तक्रारी माझ्याकडे फिरून फिरून येतात. "अळू काय, आपल्याला येतंच की, म्हणून कालो लावलं. पानं ही एवढाली आली, पण कंद सडला." आणि दुसरी: "पाच जाती आणल्या होत्या, आता कुठली कुठली तेच कळेना." पहिलं दुखणं पाण्याचं, दुसरं शिस्तीचं. मला विचाराल तर दुसरं जास्त वाईट. सडलेलं पीक पुढच्या खेपेला पुन्हा लावता येतं. नाव हरवलेली जात मात्र झाड डोळ्यांसमोर डोलत असूनही गेल्यात जमा.

कालो आणि आपलं अळू ही शास्त्राच्या हिशेबात एकच वनस्पती. घोळ तिथूनच सुरू होतो. आपण अळू पानांसाठी लावतो, परसात, मोरीच्या पाण्यावर, आणि एकदा लावलं की ते विसरतो. हवाईत मुख्य पीक कंदाचं. तो वर्षभर जमिनीत बसतो, त्याला गार आणि वाहतं पाणी लागतं आणि काढणीच्याच दिवशी त्याची पुढची लावणी ठरते. बियाणं डब्यात भरून ठेवण्याची सोय इथे नाही. जात टिकते ती फक्त लावत राहिल्याने.

पुढे काही हवाईयन शब्द सारखे येतील. लोई म्हणजे कालोचं पाणथळ खाचर. आउवाय म्हणजे ओढ्याचं पाणी लोईत आणणारा पाट. हुली म्हणजे बेणं: कंदाचा वरचा पातळ काप आणि त्यावरचे देठ. माकुआ म्हणजे आईझाड, ओहा म्हणजे तिचे फुटवे. पानाला देठ जिथे जोडलेला असतो तो ठिपका म्हणजे पीको. या शब्दाचा दुसरा अर्थ बेंबी, त्यामुळे तो लक्षात राहायला सोपा.

## १. किती जाती, किती रोपं: आधी कागदावर

पहिली चूक हौसेची. बारा जातींच्या दोन-दोन हुली आणायच्या आणि वर्षाच्या शेवटी पाच जाती उरायच्या. माझा हिशेब साधा आहे: एका जातीची किमान दहा रोपं. दोन सडतील, दोन गोगलगायी खातील, एखादं कुणीतरी तण समजून उपटेल. उरलेल्या पाचांतून जात पुढे जाते. दोन फुटांवर लावणी धरली तर दहा रोपांना चाळीस चौरस फूट लागतात, म्हणजे पाच जातींना दोनशे. एवढी जागा नसेल तर जाती कमी करा, रोपं कमी करू नका.

सुरुवातीला अशाच जाती घ्या ज्या एकमेकींशेजारी उभ्या असताना नवख्यालाही वेगळ्या दिसतील. मानीनी केआ घ्या, तिच्या देठावर मानीनी माशासारखे पट्टे असतात. पीको गटातली पीको उलीउली घ्या. या गटाच्या पानाची मागची खाच थेट पीकोपर्यंत चिरलेली असते. आपुवाईचं पान वाटीसारखं वळतं, नावाचा अर्थच पाण्याचा पेला. माना उलूच्या कंदाला टोकाशीच फांद्या फुटतात आणि आतला गर फणसाच्या जातकुळीतल्या उलू फळासारखा पिवळसर असतो. पाचवी लेहुआ माओली, तिच्या गुलाबी-जांभळट गराची पोई, म्हणजे शिजवलेला कंद कुटून पाण्यात सैल केलेला गोळा, लालसर होते. या पाचांत गोंधळ झाला तरी डोळा तो पकडतो. एकाच गटातल्या, म्हणजे दोन-तीन मानीनी किंवा दोन-तीन लेहुआ, दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

सावधान: दुकानातून आणलेला कंद पुरून 'पारंपरिक कालो लावलं' असं म्हणू नका. कापल्यावर पांढऱ्या गरात जांभळे धागे दिसले तर तो बहुधा बन लाँग, मूळची चिनी जात. चिप्सना उत्तम, लावायलाही हरकत नाही, पण हवाईयन जातींच्या यादीत तिला बसवू नका.

## २. हुली कुठून आणायची, आणि कुठून नाही

नाव खात्रीचं हवं असेल तर जातींचा संग्रह सांभाळणाऱ्या जागेकडूनच घ्या. ओआहू बेटावर मानोआ खोऱ्यातलं लायन आर्बोरेटम, मोलोकाईवर होओलेहुआतलं हवाई विद्यापीठाचं प्रायोगिक शेत, काउआईवरची लीमाहुली बाग ही ठिकाणं या कामासाठी ओळखली जातात. हुली कधी मिळतात, किती मिळतात, हे त्यांनाच विचारा. सामूहिक लोईत शनिवारी राबायला जाणं हा दुसरा मार्ग, आणि खरं तर जास्त चांगला. दहा शनिवार चिखलात काढलेल्या माणसाला हुलीबरोबर तिची खोडही सांगितली जाते.

तीन गोष्टी करायच्याच नाहीत.

गावाकडचं अळू पिशवीत घालून हवाईत आणायचं नाही. मलाही आईच्या परसातला वडीचा काळा अळू आणायचा मोह झाला होता. पण पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांत अलोमाए नावाचा विषाणूरोग कालोची शेतंच्या शेतं मारतो, आणि हवाईत तो नाही. एका चोरट्या कंदाबरोबर काय येईल ते डोळ्यांना दिसत नाही. उलट दिशेनेही तेच: हवाईची हुली परवान्याशिवाय भारतात न्यायची नाही.

एका बेटावरून दुसऱ्यावर हुली नेताना कृषी खात्याची तपासणी टाळायची नाही. शेजारच्या बेटाला जातोय म्हणजे घरच्या घरीच, असा समज असतो. नियम तसा नाही.

आणि कुंडीतलं रोप मातीसकट घ्यायचं नाही. मोठ्या बेटावर, म्हणजे हवाई नावाच्याच बेटावर, छोट्या आगमुंग्यांचा उच्छाद आहे आणि त्या कुंडीतूनच प्रवास करतात. रोप घेतलंच तर चॉपस्टिकला किंचित शेंगदाण्याचं लोणी लावून तासभर कुंडीपाशी ठेवा. बारीक नारिंगी मुंग्या जमल्या तर रोप जिथल्या तिथे राहू द्या.

हुली निवडताना बूड बघा, पानं नाही. बूड अंगठ्यापेक्षा जाड, काप घट्ट आणि स्वच्छ, कुठे तपकिरी ठिपका किंवा आंबूस वास नको. कंदाचा भाग सेंटीमीटरभर पुरे, त्यावर वीत-दीड वीत देठ, पानं कापलेली. कंदाचा जाड लगदा ठेवला की रोपाला जास्त ताकद मिळेल असं वाटतं, प्रत्यक्षात तोच आधी सडतो.

तपासा: हुली वाहत्या पाण्यात धुवून बाहेरचे वाळके, सुटे देठ सोला. देठांच्या खोबणीत गुलाबी अंड्यांचा पुंजका दिसला तर ती ॲपल स्नेल, म्हणजे १९८९ पासून हवाईच्या लोईंना लागलेली गोगलगाय. एवढा एक पुंजका सगळ्या खाचराला पुरतो.

धुतलेल्या हुली दोन-चार दिवस सावलीत उभ्या ठेवा, काप सुकू द्या. आठवड्यापेक्षा जास्त रेंगाळू नका.

## ३. नाव: लावणीच्या आधी तीन ठिकाणी

मार्गदर्शक म्हणून मला काही एकच सांगायचं असेल तर ते हे. नाव तीन ठिकाणी हवं: झाडाशी, नकाशावर आणि वहीत. तिन्ही एकाच वेळी हरवत नाहीत.

झाडाशी लावायची पट्टी ॲल्युमिनियमची, आणि नाव खिळ्याने कोरलेलं. प्लॅस्टिकच्या पट्टीवर मार्करने लिहिलेलं नाव हवाईच्या उन्हात वर्षभरही टिकत नाही, आणि पीक तर वर्षभर उभं राहणार. पट्टी काठीला बांधून बांधावर रोवा. लोईत रोवलेली काठी बदकं, पूर आणि उत्साही स्वयंसेवक यांपैकी कुणीतरी हलवतंच.

नकाशा पाटाच्या तोंडापासून मोजा. 'डावीकडून तिसरी ओळ' असं लिहू नका, डावी कुठली हे उभं राहणाऱ्यावर ठरतं. पाणी आत येण्याची जागा वर्षानुवर्षं बदलत नाही. 'तोंडापासून पहिल्या दोन ओळी मानीनी केआ, नंतर एक ओळ मोकळी' असं लिहा. ती मोकळी ओळ जागेची उधळपट्टी नाही. फुटवे आडवे सरकतात आणि शेजारच्या जातीत घुसतात, मधे ओळ असली की घुसखोर ओळखू येतो.

वहीत तारीख, हुली कुणाकडून आली, आणि देणाऱ्याने सांगितलेलं नाव जसंच्या तसं. आपल्याला ते चुकीचं वाटलं तरी आधी तेच लिहायचं, शंका शेजारी नोंदवायची.

सावधान: नाव माहीत नसेल तर 'अनामिक १, अमक्या खोऱ्यातून' असं लिहा. अंदाजाने दिलेलं नाव पाच घरी वाटलं गेलं की ते निस्तरायला माणसाचं आयुष्य जातं. जाणत्या संग्रहांतही नावं चुकलेली निघाली आहेत. दिवंगत जेरी कोनानुई यांच्यासारख्या जाणकारांनी बेटाबेटांवर फिरून ती झाडापाशी उभं राहून दुरुस्त केली.

## ४. लोई तयार करणं

भातशेती पाहिलेल्या माणसाला ही पायरी ओळखीची वाटेल. बांध आधी, मग तळ, मग पाणी.

बांध पायाने दाबत चाला. उंदरांची बिळं, मुळं कुजून झालेली भोकं चिखलाने बुजवा. लोईतलं पाणी बांधातून पाझरून गेलं तर आत येणारा प्रवाह कितीही असो, तो पुरत नाही. तण मुळासकट काढा, विशेषतः पॅरा गवत, त्याचा एक कांडा राहिला तरी महिन्याभरात बांध गिळतो.

मग चिखलणी. हवाईत ती परंपरेने पायांनीच होते, पूर्ण कुटुंब उतरून तुडवतं. तळाची माती तुडवून घट्ट झाली की पाणी खाली जिरत नाही. वरचा थर लोण्यासारखा, खालचा थर टणक: पाय घोट्याच्या वर बुडून कुठेतरी थांबला पाहिजे. मांडीपर्यंत गेलात तर तळ झालेला नाही.

हिरवळीचं खत घालायचं तर आत्ता. हाऊ, कुकुई यांची पानं इथे पूर्वापार वापरतात. पान टाकून, तुडवून, पाण्याखाली तीन-चार आठवडे कुजू द्या. घाई इथेच नडते. अर्धवट कुजलेल्या पाल्यात हुली रोवली की कुजण्याची सगळी उष्णता आणि सडणं तिच्या बुडाला भिडतं.

तपासा: लोईत पाऊल टाका. बुडबुडे येऊन सडक्या अंड्याचा वास आला तर अजून कुजतंय. पाणी सोडून द्या, तळाला आठवडाभर हवा लागू द्या, मग पुन्हा भरा.

पाणी आत घेण्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, गोगलगायीचं पिल्लू अडेल इतकी, आणि ती रोज साफ करण्याची तयारी ठेवा. बाहेर जाण्याचं तोंड आतल्या तोंडाच्या समोर न ठेवता तिरपं ठेवा, म्हणजे पाणी कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरून जातं.

सावधान: अंगावर जखम असेल तर लोईत उतरू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ज्या लेप्टोची भीती असते तोच लेप्टो हवाईच्या ओढ्यांतही आहे. चिखलात काम करून आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'मी लोईत होतो' हे आधी सांगा. गोगलगायी हाताळताना हातमोजे घाला, त्यांच्यातून मेंदूपर्यंत जाणारा उंदराचा फुप्फुसकृमी माणसाला लागू शकतो.

लोई नसेल तर? कोरडवाहू कालो लावता येतं, पावसाच्या बाजूला तर छानच. पाच गॅलनच्या बादलीत एक रोप, तळाला भोकं, माती सतत ओली, वर पाल्यापाचोळ्याचं जाड आच्छादन. कंद लहान येतो, पण जात जपायला पुरतो. कोरडवाहूत मुळांवर पांढरट मावा लागतो. पाण्याखालच्या लोईत तो त्रास नसतो.

## ५. लावणी

हवाईच्या चांद्रमासात ओले नावाच्या रात्री असतात. ओले म्हणजे 'नाही', 'काही नाही'. त्या दिवसांत लावणी करू नये असा संकेत. नाव ऐकून मराठी माणूस नेमका त्याच दिवशी बादली घेऊन निघेल, म्हणून सांगून ठेवतो. मी तो दिवस पाळतो. दोन-चार दिवस थांबल्याने बिघडत काही नाही आणि तोवर बांध पुन्हा एकदा बघून होतो.

एका वेळी एकच जात लोईपाशी आणा. ती पूर्ण लावून, पट्टी रोवून, वहीत लिहून झाल्यावरच दुसरी जुडी सोडा. दोन जुड्या एकदम उघडल्या की संपलंच.

पाणी उतरवून नुसता चिखल ठेवा. हुली सरळ, चार बोटं खोल, उभी राहील इतपत. फार खोल रोवली की बूड गुदमरतं, फार वर ठेवली की पहिल्या वाऱ्यात आडवी. दीड ते दोन फुटांचं अंतर. जपणुकीसाठी मी दोन फूट धरतो, हवा खेळती राहते आणि पानांवरचा करपा कमी पसरतो.

पहिले दोन-तीन आठवडे पाणी अगदी उथळ, चिखल झाकेल न झाकेल असं. याचे दोन फायदे: हुली तरंगत नाही आणि गोगलगायींना हिंडता येत नाही. कोवळ्या हुलीचा सगळ्यात मोठा शत्रू तीच. पहाटे फेरी मारा, हाताने वेचा, बांधावरचे आणि देठांवरचे गुलाबी पुंजके चिरडा. लोई वाळवली म्हणून ती मरते असं समजू नका, चिखलात गाडून घेऊन महिनोन्‌महिने टिकते. पपईची पानं पाण्यात टाकली की त्यांच्याभोवती जमते, मग उचलायला सोपी. विषारी औषध टाकण्याचा विचारही नको: तुमच्या लोईतून निघालेलं पाणी खालच्याच्या लोईत जातं.

तीन आठवड्यांनी नांग्या भरा, आणि त्याच जातीच्या राखून ठेवलेल्या हुलीनेच. 'इथे मोकळं दिसतंय' म्हणून हाताला लागेल ती हुली टोचणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

## ६. पाणी: इथेच कंद सडतो

कालोला पाणी लागतं, डबकं नाही. रोप मूळ धरून दोन-तीन पानांवर आलं की पाणी हळूहळू वाढवत वितीच्या निम्म्यापर्यंत न्या, पण ते फिरतं ठेवा. लोईतलं पाणी २७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागलं की कंदकुजीचे रोग बळावतात. म्हणून पाण्याची खोली मोजण्यापेक्षा ताप मोजा. स्वयंपाकघरातला जेली-पाकाचा थर्मामीटर चालतो. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, बाहेर जाणाऱ्या तोंडापाशी मोजा. आतल्या तोंडाशी मोजलं तर ओढ्याचं पाणी नेहमीच गार लागतं आणि आपण निर्धास्त राहतो. माझंही पहिल्या वर्षी असंच झालं. वरच्या कोपऱ्यातली रोपं दणदणीत, आणि खालच्या कोपऱ्यातला कंद ओढला तर हातात नुसते देठ आले, खाली भिजल्या ब्रेडसारखा लगदा.

बाहेरचं पाणी तापत असेल तर प्रवाह वाढवा. ते शक्य नसेल तर लोईचा आकार कमी करा, मधे बांध घालून निम्मीच लावा.

वाढीच्या पहिल्या चार महिन्यांत निंदणी कडक. त्यानंतर मुळं सगळ्या लोईभर पसरतात. सहा महिन्यांनंतर आत चालणं बंद, तण दिसलं तरी बांधावरून हात पोहोचेल तेवढंच. नत्राचं खत द्यायचं ते पहिल्या निम्म्या काळातच. शेवटी शेवटी दिलं तर थांबलेलं झाड पुन्हा वाढायला लागतं, कंदातला पिठूळपणा खर्ची पडतो आणि गर पाणचट, स्पंजासारखा होतो. हवाईत त्याला लोलीलोली म्हणतात. तसा कंद पोईला निरुपयोगी.

पानावर गोल, पाणथळ डाग आणि त्यात वर्तुळात वर्तुळं दिसली तर तो करपा. पावसाच्या दिवसांत तो झपाट्याने पसरतो. डागाळलेलं पान पहिल्याच दिवशी कापून लोईबाहेर न्या, पाण्यात टाकू नका.

आणि वड्यांसाठी पानं? जपणुकीच्या ओळीतली नाही. प्रत्येक पान कंद पोसतं. वडीची हौस असेल तर त्यासाठी वेगळी दोन रोपं लावा, तीही बन लाँगची.

## ७. ओळखपरेड: चौथ्या ते सहाव्या महिन्यात

कोवळी रोपं सगळी सारखी दिसतात आणि म्हातारी सगळी मरगळलेली. जातीची लक्षणं सगळ्यात स्पष्ट असतात ती चौथ्या ते सहाव्या महिन्यात. एक सकाळ राखून ठेवा, कोवळं ऊन असताना, आणि प्रत्येक ओळीपाशी हेच प्रश्न याच क्रमाने विचारा:

देठाचा रंग काय, पट्टे आहेत का, देठाच्या कडेला वेगळी रेघ आहे का? देठ बुडाशी कंदाला मिळतो तिथलं कडं पांढरं, गुलाबी की जांभळट? पीकोचा रंग कोणता? पानाची खाच पीकोपर्यंत जाते का? पान खाली लोंबतं की आडवं पसरतं, की वाटीसारखं? फुटवे जवळच आहेत की लांब सरकलेत?

ताडून बघायला हवाईच्या कृषी प्रयोग केंद्राने १९३९ मध्ये काढलेली पत्रिका आजही उपयोगी पडते. तिचा क्रमांक ८४ आणि तिच्यात वर्णनंही ८४ जातींची. पण वर्णन वाचून एकाच लक्षणावर निकाल देऊ नका. उन्हात देठ गडद होतो, सावलीत फिका, खत जास्त झालं की हिरवा. निदान चार लक्षणं जुळली पाहिजेत, आणि शेवटचा निकाल कापलेल्या कंदाच्या रंगावर.

एलेपाईओसारखी पांढऱ्या शिंतोड्यांची जात असेल तर पूर्ण हिरवी झालेली रोपं खुणेची दोरी बांधून वेगळी काढा, त्यांची हुली पुढे लावू नका.

सावधान: कालोला कधीमधी फूल येतं आणि बी धरलं तर त्यातून उगवणारं रोप आईची जात नसते, नवाच संकर असतो. ओळीबाहेर बारीक रोप आपोआप उगवलेलं दिसलं की 'अरे वा, फुकटात' म्हणू नका. उपटा.

## ८. काढणी: इथेच जाती हरवतात

लोईतलं कालो साधारण नऊ ते पंधरा महिन्यांत तयार होतं, जातीप्रमाणे. कॅलेंडरपेक्षा झाड बघा. नवी पानं लहान आणि देठ आखूड होऊ लागले, कंदाचा माथा चिखलातून वर डोकावू लागला की झालं. ओळीतला एक कंद काढून शिजवून बघा. गर घट्ट आणि पिठूळ असेल तर बाकीची ओळ काढा.

आता एक प्रसंग. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने एका शनिवारी तीन ओळी एकदम काढल्या, तिन्ही मानीनी गटातल्या. पाऊस आला. सगळ्यांनी घाईघाईने कापलेल्या हुली एकाच ताडपत्रीवर टाकल्या आणि छपराखाली पळाले. अर्ध्या तासाने परत आलो तर शंभरेक हुली, सगळ्यांचे देठ कापलेले, पानं नाहीत, सगळ्यांवर पट्टे. आमच्याबरोबर एक वयस्कर आंटी होत्या. (हवाईत थोरामोठ्यांना आंटी आणि अंकलच म्हणतात, आपल्या सोसायटीत म्हणतात तसंच.) त्या काही बोलल्या नाहीत. एकेक हुली उचलून बूड उजेडाकडे धरायच्या, कडं बघायच्या, नखाने साल किंचित खरवडायच्या आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायच्या. अंधार पडेपर्यंत चाळीस-एक झाल्या. उरलेल्या त्यांनी एका बादलीत घातल्या आणि म्हणाल्या, या खायच्या. तरीही त्या बादलीतल्या हुली आम्ही वेगळ्या लावल्या, त्या ओळीच्या पट्टीवर आजही 'मानीनी?' असंच कोरलेलं आहे. ताडपत्री मीच पसरली होती.

तेव्हापासूनचा क्रम असा:

१. एका दिवशी एका गटातली एकच जात काढायची. बाकीच्या ओळींना कुणी हात लावायचा नाही.

२. खणायच्या आधी पट्टी काढून बादलीला बांधायची. बादली त्या जातीची, दिवसभर दुसरं काही तिच्यात पडणार नाही.

३. झाडाभोवती काठीने माती सैल करायची, हाताने मुळं चाचपून तोडायची आणि कंद बुडाला धरून उचलायचा. देठ ओढून नाही. देठ तुटला की हुली गेली.

४. चिखल त्याच लोईत धुवायचा. ती माती तिथलीच आहे.

५. पानं पूर्ण कापायच्या आधी एक पान हुलीला राहू द्यायचं. जुडी बांधून पट्टी अडकवल्यावरच ते कापायचं. हा माझा शोध नाही, त्या ताडपत्रीचा आहे.

६. सगळ्यात मोठ्या कंदाची हुली खायच्या ढिगात जाऊ द्यायची नाही. आपल्याकडे नेहमी होतं ते हे: दांडगं ते घरात, मरतुकडं ते बेण्याला. दोन-तीन खेपांत जातीचा जोर उतरतो आणि मग म्हणायचं, जातच नाजूक.

तपासा: निघालेल्या हुली मोजा, वहीतल्या लावणीच्या आकड्याशी ताडा. दहाच्या दहा परत आल्या नाहीत तरी चालेल, पण किती आल्या हे आजच लिहा.

## ९. शिजवणं आणि कुटणं

जातींचा सोहळा करायचा तर भाषणं नकोत, एकाच दिवशी तीन जाती वेगवेगळ्या पातेल्यांत शिजवा आणि शेजारी शेजारी चाखा. पातेल्यांवर नावं. इथेही मिसळू नका.

कच्च्या कालोत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजतो तो त्यांनीच. आपण अळूला चिंच-आमसूल घालून वेळ मारून नेतो. पोईत आंबट काही पडत नाही, त्यामुळे पूर्ण शिजवणं हाच एक उपाय. कंद सालीसकट उकडा किंवा वाफवा, आकाराप्रमाणे दीड-दोन तास. कुकर लावलात तरी शिट्ट्यांवर विसंबू नका. विणायची सुई मधोमध टोचा, ती लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. पानंही पाऊण-एक तास शिजायला हवीत.

गरम असतानाच साल काढा, शिंपल्याने किंवा चमच्याने खरवडून. मग लाकडी पाटावर दगडी कुट्याने कुटा. आपला वरवंटा आडवा फिरतो, हा कुट्टा उभा पडतो. मनगटाने मारू नका, त्याचं वजन त्याला पडू द्या. हात आणि कुट्याचं बूड नुसतं ओलं करत राहा. कुटताना पाणी ओतलं की गुठळ्या राहतात. घट्ट, चकचकीत गोळा झाला की तो पाइ आइ. तो टिकतो. त्यात पाणी मळून सैल केलं की पोई. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती आंबूस होते. आंबवणाची सवय असलेल्या आपल्याला तीच जास्त आवडते.

पोईचं भांडं उघडलेलं असताना भांडण काढायचं नाही. हवाईच्या पुराणकथेत कालो म्हणजे हालोआ, माणसाचा थोरला भाऊ, तो पानावर बसलेला असतो. ताडपत्रीचा विषय आम्ही जेवण झाल्यावर काढला.

## १०. पुन्हा लावणी आणि वाटप

काढणीपासून आठवड्याच्या आत हुली पुन्हा जमिनीत गेली पाहिजे. त्याच लोईत लगेच लावू नका, तिला निदान काही आठवडे विसावा आणि वाळवण द्या. म्हणून दुसरा वाफा किंवा बादल्या आधीच तयार हव्यात. बहुतेकांचं गणित इथे चुकतं: काढणीची तारीख ठरते, जेवणाचा बेत ठरतो, आणि हुली आठ-दहा दिवस गोणपाटाखाली मऊ पडत राहतात.

प्रत्येक जातीचा तिसरा हिस्सा दुसऱ्या कुणाकडे जाऊ द्या, आणि शेजारच्याकडे नको. वेगळ्या खोऱ्यात, वेगळ्या पाटावर. एकाच ओढ्याचा पूर दोघांचंही नेतो. देताना जुडीला चिठ्ठी बांधा: नाव, कुणाकडून आली, कधी काढली, किती महिन्यांत तयार झाली, देठ आणि पीकोचा रंग, आणि जी शंका असेल ती. घेणाऱ्याचं नाव आपल्या वहीत.

माझ्या वहीत लेहुआ माओलीपुढे तीन नावं आहेत. त्यातल्या एकीचा गेल्या महिन्यात फोन आला, तिच्याकडची पट्टी बदकांनी पळवली होती. चिठ्ठी मात्र फ्रिजच्या दारावर होती.